बोटावरची नवी कातडी

पडवळ चिरताना विळीवर कापलेलं माझं बोट आठवड्याभरात भरून आलं. दुपारी मी जेवायला वाढत असताना माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, ते बोट हातात घेतलं.

"किती शहाणं आहे गं! जखम भरेपर्यंत वाढलं आणि बरोबर तिथेच थांबलं."

महिन्यापूर्वी ताईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. निरोगी पेशींना शेजारच्या पेशी लागल्या की थांबायचं कळतं, कॅन्सरच्या मात्र वाढतच राहतात, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं.

"मेल्या हावरट!" मी म्हणाले.

"शिव्या नको देऊस. बाहेरून नाही आल्या त्या. माझ्याच आहेत, बिघडलेल्या."

आमची ताई जन्मभर सगळ्यांच्या आधी ताटावर आडवा हात धरून "पुरे" म्हणणारी. तिच्याच अंगात कुणाचंही "पुरे" न ऐकणारं हे कुठून आलं, कोण जाणे.

औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली आहे. मी चमचाभर भात वाढला आणि सवयीने तिच्या आडव्या हाताची वाट बघत थांबले. हात आलाच नाही.

"वाढ गं अजून," ती म्हणाली. "एवढ्यात नाही मी थांबायची."