मोंबासाला निघालेलं जोडपं

नोकरीत हाताळलेल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मालाडची ही एक मात्र अजून वेगळी उभी राहते, आणि आठवली की मला बरं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. गिरण्यांचा संप फिसकटून तीनेक वर्षं झाली होती. मी मालाड भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमचा एक हवालदार बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे चहाला बसायचा. एके दिवशी त्या बॅगवाल्याने सहज सांगितलं, की एक माणूस तीन नव्या बॅगा घेऊन आला होता. प्रत्येकीच्या तळाला दुसरी फळी ठोकून वर तेच अस्तर चिकटवून मागत होता. त्यातली एक बॅग बॅगवाल्याला परवा पुन्हा दिसली, जवळच्याच चाळीतल्या एका बेकार गिरणी कामगाराच्या हातात.

हवालदाराने चाळीत चौकशी केली. लपवाछपवी काहीच नव्हती. अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, की हा माणूस बायकोला घेऊन शनिवारी विमानाने आफ्रिकेत मोंबासाला निघालाय, समुद्रकाठी बारा दिवस राहायला. लकी ड्रॉमध्ये सहल लागली म्हणे.

गुरुवारी सकाळी पंच आणि महिला शिपाई घेऊन आम्ही खोलीवर गेलो. दोघंही पन्नाशीच्या आसपासची, मालवणकडची. बाईंनी आम्हाला पाहुणे समजून पाणी दिलं. त्यांचा दंड सुजला होता. तिकडे जायला पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते, ती टोचून आल्या होत्या. फळीवर एक वही होती. त्यात बारा दिवसांचा बेत लिहिलेला. पहिल्या दिवशी कुठेही जायचं नाही, नुसतं वाळूत बसायचं. तिसऱ्या दिवशी जुना किल्ला. पाचव्या दिवशी बाजार, लवंग घ्यायची. पुढे एका पानावर 'समुद्रात आंघोळ, दोघांनी' असं लिहून खाली रेघ मारली होती.

बाईंचे वडील बोटीवर खलाशी होते. मोंबासाची पांढरी वाळू आणि आपल्यासारखेच माड त्यांनी लेकीला सांगून सांगून दाखवले होते.

पंचांसमोर बॅग रिकामी केली आणि तळ उचकटला. आत गुंगीच्या गोळ्यांची पाकिटं खच्चून भरलेली. पंचनामा झाला, नमुने काढून लाखेचं सील केलं आणि दोघांना ठाण्यावर आणलं. चाळीतली माणसं गॅलरीत उभी राहून बघत होती.

दोघांना वेगवेगळं बसवलं. आधी नवऱ्याला घेतलं.

"कुठल्या दुकानाचा ड्रॉ?"

त्याला सांगता येईना. खोटं बोलणारा माणूस मोठी हकीकत पाठ करतो, पण दुकानाचं नाव ठरवून ठेवायला विसरतो. तरी दोन तास तो 'मला काय म्हायत नाय' यावरच होता. मग माझं लक्ष बॅगेच्या कडीला बांधलेल्या चिठ्ठीकडे गेलं. चोरकप्प्याच्या बॅगेवर बायकोचं नाव होतं. त्याची स्वतःची जुनी बॅग साधी होती. मी त्याला कागद दिला आणि नाव-पत्ता लिहायला सांगितलं. अक्षर तेच.

"हे तू लिहिलंस?"

त्याने मान हलवली.

"तिच्या नावाची का?"

"तिकिटा देणाऱ्या दलालान सांगल्यान, बायकांचे बॅगो उघडनत नाय."

"आणि उघडली असती तर?"

त्याने चिठ्ठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिका कधी खंय न्हेलंय नाय, सायबानू. सव्वीस वर्सात एकदा पन नाय." आणि टेबलावर डोकं टेकून रडला.

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. दलालाने जवळच मढला, समुद्रकाठी, एक बंगला भाड्याने घेतला होता. सिनेमाच्या शूटिंगला भाड्याने जाणारे बंगले तिथे बरेच, त्यामुळे पेट्यांची ने-आण कोणाच्या डोळ्यावर येत नसे. त्याच दुपारी तिथे छापा घातला. दलाल आणि उरलेल्या दोन बॅगा मिळाल्या. वरचा शेठ मात्र शेवटपर्यंत हाती लागला नाही.

संध्याकाळी बाईंना समोर बसवलं. त्यांना यातलं काही माहीत नाही, अशी माझी खात्री होती. चिठ्ठीचं कसं सांगायचं, हाच प्रश्न होता. मी सांगितलं तेव्हा त्या दचकल्या नाहीत.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "बॅग रिकामी आसताना जड लागली. आनी चिठ्ठी वाचूक येता माका."

"मग बोलला का नाहीत?"

"तीन वर्सा हे खाली मान घालून जेवले. मोंबासाचा नाव काढल्यानी, त्या दिवशी मान वर केल्यानी. त्येंका काय सांगू?"

माझ्या हातात पेन होतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण आरोपी कोणाला करायचं हे तपास अधिकाऱ्याच्या हातात असतं. मी ते वाक्य लिहिलं नाही. महिला शिपाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाईंचं नाव आरोपींत आलं नाही.

खटला दीड वर्षाने उभा राहिला. दलालाच्या वकिलाने मला विचारलं, "पत्नीला याची माहिती होती, हे खरं ना?" मी शपथेवर उत्तर दिलं, "तपासात तसं निष्पन्न झालं नाही." नवऱ्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकताना तो बायकोकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ती निर्दोष आहे, तिला काहीच कळलं नव्हतं, हेच तो धरून बसला होता. चौथ्या वर्षी तुरुंगातच तो आजारी पडून गेला.

मृत्यूची खबर द्यायला मी स्वतः गेलो. चाळीत बाईंशी कोणी बोलत नव्हतं. नवरा आत आणि ही बाहेर कशी, असं लोक तोंडावर विचारत. त्या पापड लाटून दिवस काढत होत्या. मी खबर सांगितली, दोन शब्द धीराचे बोललो.

तपासात माणसाला काय माहीत होतं, एवढंच आपण शोधतो. ते माहीत असून तो गप्प का राहिला आणि त्या गप्प राहण्यातून त्याने काय सांभाळलं, याला आरोपपत्रात रकाना नसतो. एवढं मी या केसमधून शिकलो. पण माझ्या हातून दया झाली, असंही मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो होतो. आता म्हणत नाही. खबर सांगून मी निघालो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या होत्या.

"सायबानू," त्या म्हणाल्या, "तुमी माका सोडलात. पन माका सुटाचा होता काय, ता इचारलात नाय."