प्रोग्रामर लागत नाही म्हणे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही. बाप मोहर्लीकडच्या जंगलात लाकूडतोडीवर जायचा, सहीच्या जागी अंगठा उमटवायचा. मी चंद्रपूरला बी.एस्सी. झालो, नागपुरात वर्षभर राहून कोबोल ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो आणि चंद्रपुरातल्या एका मोठ्या लाकूड डेपोच्या ऑफिसात लागलो. नेमणुकीची ऑर्डर एकेक वर्षाची होती, पण तिच्यावर शब्द होता ‘प्रोग्रामर’. मोहल्ल्यातल्या बाया आईला विचारायच्या, “लेक काय करते वो तुहा?” आई म्हणायची, “मशीनले शिकवते.” माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या मला कॉलेजातही कोणी सांगितली नव्हती.

काम असं. सागवानाच्या प्रत्येक लठ्ठ्याचा, म्हणजे ओंडक्याचा, नंबर, लांबी आणि गोलाई रजिस्टरातून मशीनमध्ये जायची. मशीन घनमीटर काढून लिलावाची यादी छापायचं. रजिस्टरं अहेरीकडून यायची, तिथं जंगलात माल मोजणाऱ्या नाकेदारांच्या हातची. माझी पहिली यादी छापली तेव्हा अर्ध्या लठ्ठ्यांचे घनमीटर शून्य आले. बघतो तर रजिस्टरात त्या लठ्ठ्यांपुढे लांबीच नव्हती, नुसती आडवी रेघ. एक वयस्क नाकेदार भाऊ रजिस्टर घेऊन आले होते, त्यांनाच विचारलं.

“भाऊ, ही जागा रिकामी काऊन सोडली?”

“रिकामी कुठी हाये गा? रेघ हाये ना. थप्पी एका लांबीची लागली, तर पन्नास डाव तेच कायले लिवू?”

“मशीनले रेघ समजत नाई.”

“मंग शिकव तिले. तुले त्याचाच पगार भेटते ना?”

बरोबर होतं त्यांचं. भर उन्हात टेप धरून उभा राहणारा माणूस रेघ मारतो, ते आळसानं नाही. मी प्रोग्राम बदलला. लांबी रिकामी दिसली की वरची घ्यायची, थप्पी बदलली की थांबून विचारायचं. त्यानंतर यादी चुकली नाही.

मग दोनेक वर्षांनी ऑफिसच्या साहेबांनी तयार प्रोग्रामांचं पॅकेज आणवलं. टाय लावलेला विक्रेता नागपूरहून आला. पडद्यावर नंबर घातलेली यादी यायची. एक दाबा, माहिती भरा. दोन दाबा, क्रम लावा. तीन दाबा, छापा. “प्रोग्राम लिहायचाच नाही, साहेब. तो आतल्या आत आपोआप तयार होतो.” साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे आता प्रोग्रामर लागत नाही म्हणा की!” दोघं हसले. मी चहाचा कप हातात धरून तिथंच उभा होतो.

खरं तेच सांगतो, पॅकेज वाईट नव्हतं. मला पंधरा दिवस लागायचे ते त्यानं एका दुपारी केलं. राग मला त्या पॅकेजचा कधी आला नाही.

पहिलीच यादी छापली आणि पुन्हा अर्धे लठ्ठे शून्य. रेघ त्यालाही समजत नव्हती. साहेब म्हणाले, “तू पेनानं भर त्या जागा. तसंही तुला आता काय काम आहे?” मशीनला शिकवणारा मी तीन दिवस रेघांवर आकडे लिहीत बसलो. चौथ्या दिवशी साठ ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि फ्लॉपीवर ठेवला. माहिती पॅकेजकडे जाण्याआधी तो रिकाम्या लांब्या भरून द्यायचा. याद्या बरोबर येऊ लागल्या. साहेब पाहुण्यांना दाखवायचे, “बघा, प्रोग्रामरशिवाय चालतं!” मी दोन पावलांवर असायचो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. वाटलं, यांना माहीतच असेल. ही चूक माझी.

पुढची ऑर्डर आली, तिच्यावर शब्द होता ‘ऑपरेटर’.

मी केबिनमध्ये गेलो. “साहेब, हे पॅकेज माझ्या प्रोग्रामवर चालून राह्यलं.”

“किती ओळींचा आहे?”

“साठ.”

“साठ ओळींसाठी एक पोस्ट?” साहेब हसले. “ऑपरेटर व्हायचं नसेल तर जाताना ती फ्लॉपी ठेवून जा.”

“ठेवतो. प्रोग्राम मिळाला अशी पावती द्या, तुमच्या सहीची.”

सही दिली तर प्रोग्राम लागतो हे कबूल केल्यासारखं होणार होतं. त्यांनी मला स्टोअरच्या बाबूकडे पाठवलं. बाबूनं रजिस्टरात लिहिलं, ‘फ्लॉपी, एक नग’.

“बाबूजी, प्रोग्राम लिहा.”

“माझ्या रजिस्टरात खुर्ची बसते, पंखा बसते, फ्लॉपी बसते. प्रोग्राम कुठी बसवू?”

मी फ्लॉपी उचलली, खिशात घातली आणि घरी आलो.

महिन्याभरानं तेच नाकेदार भाऊ एसटीनं घरी आले. हातात परिपत्रक होतं. यापुढे रजिस्टरात रेघ मारू नये, प्रत्येक लठ्ठ्यापुढे लांबी पूर्ण लिहावी, कसूर झाल्यास कारवाई होईल.

“पाह्य गा,” ते म्हणाले. “साहेबानं तुले एक ओळ लिवून नाई देल्ली, अन् आमाले हजार ओळी लिवाले लावल्या. पह्यले तू मशीनले शिकवत होता, आता मशीन आमाले शिकवून राह्यली.”

अपमान माझा झाला होता आणि बोटं यांची दुखत होती.

“दे ते फ्लॉपी,” ते म्हणाले. “डेपोतला नवा ऑपरेटर माह्या साळ्याचा पोरगा हाये. घालते तो मशीनीत. साहेबाले कायले सांगाचं?”

“मग पुन्हा म्हणतील, प्रोग्रामरशिवाय चालते.”

“म्हणू दे. आमची रेघ तं वाचल ना!”

मी फ्लॉपी आणून दिली. त्यांनी परिपत्रक उलटं केलं, मांडीवर ठेवलं, कानावरची पेन्सिल काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘प्रोग्राम भेटला. प्रोग्रामरनं स्वता देल्ला.’ खाली सही केली.

ऑपरेटर म्हणून मी परत गेलो नाही. वर्षभर शिकवण्या केल्या, मग दुसरीकडे लागलो. तो कागद माझ्याजवळ आहे. साहेबांची सही त्यावर नाही, आणि तो राग अजून गेलेला नाही.