न घेतलेली नोटीस

कोर्टाची नोटीस हातात घेतली नाही तर ती लागू होत नाही, असं मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी ठाम वाटत होतं. वय काही शाळकरी नव्हतं. लग्नाला आलेली मुलगी होती, डोळ्यांवर चष्मा होता, एसएससीला फर्स्ट क्लास होता. आणि एवढं सगळं असून डोकं हे असं.

भांडण लालबागच्या खोलीचं. खोली आईची, भाड्याची. नवऱ्याचं घर सोडून मुलीला कडेवर घेऊन मी तिथे आले आणि तिथलीच झाले. आईचं शेवटचं सहा वर्षांचं आजारपण मी काढलं. माझा धाकटा भाऊ लग्न झाल्यावर डोंबिवलीला गेला होता. आई गेली तेव्हा भाड्याची पावती तिच्याच नावावर होती आणि चाळीच्या जागी टॉवर होणार अशी बोलणी सुरू झाली होती. पावती ज्याच्या नावावर, नवं घर त्याचं. भावाने दावा लावला. खालच्या कोर्टाने रेशनकार्ड पाहिलं, औषधांच्या चिठ्ठ्या पाहिल्या, समोरच्या काकींची साक्ष ऐकली आणि निकाल दिला की आईजवळ मी राहत होते, तेव्हा खोलीवर हक्क माझा.

मी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. तेवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. अर्धा किलोचा डबा मी डोंबिवलीला धाडला. वर चिठ्ठी चिकटवली, ‘तोंड गोड कर.’ त्या डब्याला दोरी बांधताना मी एकटीच हसत होते. ती बाई आज समोर आली तर तिला दोन ठेवून देईन मी.

वकील म्हणाले होते, “ताई, ते अपिलात जातील. नोटीस आली की लगेच माझ्याकडे घेऊन या.” मी मान हलवली. मनात म्हटलं, अपील फाशीची शिक्षा झालेले लोक करतात. दहा बाय बाराच्या खोलीसाठी कोण अपील करतंय!

आणि एका दुपारी कोर्टाचा बेलीफ आला.

आमच्या चाळीत नोटिशीचा एक जुना रिवाज होता. मालकाचा मेहता, म्हणजे भाडं वसूल करणारा कारकून, कागद घेऊन जिन्यात दिसला की पहिल्या खोलीतली बाई मोठ्याने खोकायची. तो खोकला खोलीखोलीतून गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा आणि दारं पटापट लागायची. मेहता कंटाळून परत जायचा. असं करून लोकांनी वर्षानुवर्षं खोल्या राखल्या होत्या. मेहता आणि कोर्टाचा माणूस यांत फरक असतो, हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मला सांगितलं होतं, पण मी ऐकलं काकींचं.

“अगो, हातात घेवचाच नाय,” काकी माझ्या खोलीत शिरून कडी लावत म्हणाल्या. “घेतलंस की लागू जाता.”

बाहेरून आवाज आला, “बाई, अपिलाची नोटीस आहे. सही करून घ्या.”

मी तांदूळ निवडत होते. ताट मांडीवरच ठेवून ओरडले, “त्या इथे राहत नाहीत!”

“मग आतून कोण बोलतंय?”

“त्यांची बहीण!”

काकींनी तोंडात पदर कोंबला. मीही हसले. दोन वर्षं ज्या बाईने पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगितलं की मी इथेच राहते, ती कोर्टाचा माणूस दारात आला तर ओरडून सांगत होती की ती इथे राहत नाही.

बेलीफ म्हातारा होता. “बघा हं बाई, उगाच करताय,” एवढंच म्हणाला. मग नोटीस दाराला चिकटवून गेला. तो जिना उतरल्यावर मी उलथणं घेतलं आणि पोळी करपली की खरवडतात तशी ती नोटीस खरवडून काढली. मुलगी कामावरून आली तेव्हा दाराला डिंकाचा डाग तेवढा उरला होता. कागद मी वाचला नाही. वाचला तर लागू होईल ना!

सात-आठ महिन्यांनी तोच बेलीफ आला. या वेळी कोणी खोकलं नाही. तो म्हणाला, “आज तरी घ्या. आता नोटीस नाही, हुकूम आहे.” मी घेतला.

वकिलांनी निकालाची नक्कल काढली आणि मला मराठीत सांगत गेले. त्या कागदात मी ‘उत्तरवादी’ होते. उत्तरवादीने नोटीस घेण्यास नकार दिला, सबब ती बजावली गेली असे धरले. उत्तरवादी हजर राहिली नाही. आतून एका स्त्रीने उत्तरवादी तिथे राहत नसल्याचे सांगितले, हेही त्यात आलं होतं. खालचा निकाल रद्द. खोली भावाची. आईची सहा वर्षं, बेडपॅन, रात्रीचं कण्हणं, यातलं एक अक्षर कुठे नव्हतं. कोण सांगणार होतं ते? सांगणारी तांदूळ निवडत बसली होती.

मध्येच वकिलांनी वाचलं, “प्रकरण मध्यस्थीसाठी दोन तारखांना ठेवले, उत्तरवादी आली नाही.”

“ते काय?” मी विचारलं.

“असतं तसं,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

मग आमचं पुन्हा ऐका म्हणून अर्ज केला, तो फेटाळला. हायकोर्टात गेलो. जजसाहेबांनी एकच विचारलं, “नोटीस का घेतली नाही?” माझ्या वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण काकींचं नाव सांगून काय होणार होतं? तिथेही हरलो.

किल्ली द्यायच्या दिवशी भाऊ एकटाच आला. मधल्या काळात मुलीचं लग्न झालं होतं, सामान तिच्या वरळीच्या घरी गेलं होतं. खोलीत भिंतीवर आईच्या फोटोचा चौकोन आणि दारावर तो डिंकाचा डाग, एवढंच राहिलं होतं. तो त्या डागाकडे बघत उभा राहिला. माझी जीभ काही गप्प बसेना. किल्ली त्याच्या हातावर आपटत म्हणाले, “मिळालं ना सगळं? आता तू वाट पेढे.”

तो चिडला नाही. किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, “ताई, त्या नोटिशीला माझा तडजोडीचा अर्ज जोडलेला होता. पावतीवर दोघांची नावं लावा, असं लिहून दिलं होतं मी. तुझं आधी घातलं होतं. दोन तारखांना त्या मध्यस्थीच्या खोलीत तुझी वाट बघत बसलो. तू आली नाहीस. तुझे पेढे तेवढे आले होते.”