घोडीखालचं अंथरूण

आमची घोडी गाभण होती, दिवस भरत आले होते आणि त्यातच तिचा मागचा पाय टम्म सुजला. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पण वाटेत पडू देऊ नका. पडली तर उठायची न्हाय, दोन्ही जीव जातील."

झालं! कोगनोळीपासून बेळगाव, मधे तवंदीचा घाट, आणि भाड्याच्या टेम्पोला खाली नुसता गुळगुळीत पत्रा. माझे सासरे, म्हणजे आमचे आप्पा, एकेकाळी यात्रेतल्या शर्यतीत घोडागाडी पळवायचे. ही घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

पत्र्यावर काय अंथरायचं, यावर आमच्या अंगणात ग्रामसभाच भरली. नवरा म्हणाला, उसाचा पाला घालू. आप्पांनी त्याला झाडलंच, "पाला पत्र्यावर सरकतोय रं! घसरगुंडी करतोस व्हय?" दीर म्हणाला, लाकडाचा भुसा. तर तो वाऱ्यानं उडून घोडीच्या नाकाडोळ्यात जाणार. शेवटी आप्पांनी माडीवरची गोणपाटं काढली. जाड, खरखरीत, पाय धरून ठेवणारी. चांगली थरावर थर अंथरली.

टेम्पोला लावलेल्या फळीवर घोडीनं पाय ठेवला, फुरफुरली आणि मागं सरली. गूळ दाखवला, चुचकारलं, तरी पुढं येईना. दीर म्हणाला, "लई नखरे करतीया." माझं डोकंच फिरलं. "भरल्या पोटाची बाई नखरे करती व्हय? तुमी एकदा गाभण ऱ्हाऊन बघा, मग बोला!"

तणतणत मी स्वतःच टेम्पोत चढले आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. गोणपाटं तंबाखूची होती; आमचा सगळा तंबाखू त्या माडीवरच साठवलेला असायचा. "आप्पा, वास बघा की ह्यांचा!" आप्पांनी एक उचलून नाकाला लावलं. "कसला वास? मला तर काय येत न्हाय." नवऱ्यानं हुंगलं, दिरानं हुंगलं. कुणालाच काही नाही. खोटं बोलत नव्हते बिचारे. जन्मल्यापासून तंबाखूच्या घरात वाढलेली नाकं ती. माझं माहेर खानापूरकडचं, भाताच्या शिवारातलं. आणि घोडी राहायची लांब मळ्यात, तिनं तरी माडी कधी बघितली होती?

आप्पांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी बघितलं. मग म्हणाले, "काढा रं सगळी. पोरी, आता तूच सांग, काय घालायचं?"

मी म्हटलं, "तिच्याच गोठ्यातली माती घाला. ओलसर हाय, तिनंच तुडवलेली. वर तिचंच गवत." मळ्यातनं माती-गवत गाडीनं आणलं, घमेल्यांनी आत टाकून दाबून बसवलं. घोडीनं मान खाली घालून वास घेतला आणि कुणी न ओढता सावकाश वर चढली.

आप्पा तिच्या मानेला हात लावून मागंच उभे राहिले. घाटात मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. बेळगावात घोडी स्वतःच्या पायांनी उतरली आणि संध्याकाळच्या आत शिंगरू झालं, काळंभोर, लांब टांगांचं. सुटलो बाबा!

आप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांनी कप तसाच हातात धरला.

"तुझी खोली त्या माडीच्या बरोबर खाली हाय, न्हवं?"

"व्हय. सवय झाली की, आप्पा."

"न्हाय झाली. आज बघितलं मी. एवढी वर्सं सोसलंस, आनि आमाला पत्ताच न्हाय."

लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी नाकाला पदर लावून झोपत होते, ते माझं मीसुद्धा विसरून गेले होते. या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर आप्पांनी पायसुद्धा धुतले नाहीत. सरळ माडीवर चढले आणि तंबाखूचा पहिला बोजा स्वतःच्या पाठीवर घेऊन खाली उतरले.