बहीण तिसरी आली तो शुक्रवार

शुक्रवारी आम्हाला अर्धा दिवस असतो, म्हणजे नावालाच. साडेबाराला सुटायचं म्हणून साडेअकराला चार जण चार ड्रॉइंग घेऊन टेबलापाशी हजर. "मॅडम, यल्ला, चला लवकर, बस एक स्टॅम्प." दुबईत रास अल खोरमधल्या एका बांधकाम कंपनीत मी पंधरा वर्षं कागद तपासते. कुठला रकाना रिकामा राहिला, कुठली तारीख चुकली, कोण सही विसरला, हे शोधायचं आणि वर त्यांचीच बोलणी खायची. त्या शुक्रवारी मात्र मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. "खलास, आता मंडे," म्हटलं, पर्स उचलली आणि अल बर्शाला घरी आले. इंग्लंडमध्ये माझ्या धाकट्या बहिणीची मतमोजणी होती.

निवडणूक म्हणजे काही फार मोठी नाही. तिथल्या एका आडगावची डिस्ट्रिक्ट कौन्सिल. कचरा कोणत्या वारी उचलायचा, कुणाला घर वाढवायला परवानगी द्यायची, बागेतले बाक कधी रंगवायचे, असली कामं. पण आमच्या घरात त्या कौन्सिलवरून गेले तीन महिने जे चाललं होतं ते विचारू नका.

तीन वर्षांपूर्वी बहिणीचा नवरा गेला. मूलबाळ नाही. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, तिकडचं आवर आणि इथे ये. तिथे तुझं कोण आहे? एकटी पडलीस, आजारी पडलीस तर पाणी द्यायला माणूस नाही. ती म्हणायची, हॉल आहे. हॉल म्हणजे त्यांच्या गावातला कौन्सिलचा जुना हॉल. दर मंगळवारी तिथे म्हातारी माणसं जमतात, चहा पितात, पत्ते खेळतात. नवरा आजारी असताना ती त्याला तिथे न्यायची. तो गेल्यावरही जात राहिली, चहा करायला. तो हॉल कौन्सिलने विकायला काढला आणि या बाई पेटल्या. पत्रं काय लिहिली, सह्या काय गोळा केल्या, आणि शेवटी अपक्ष म्हणून उभीच राहिली.

"अगं, तुझा पासपोर्ट अजून आपला आहे," मी म्हटलं. "तुला कोण उभं राहू देणार?"

तर म्हणे कॉमनवेल्थमधल्या माणसाला तिथे कायम राहायची परवानगी असली की चालतं. मी कपाळाला हात लावला. मी तेवीस वर्षं दुबईत आहे. इथे मत देण्याचा प्रश्नच नाही, आणि मतदानाला म्हणून मुंबईला जाणं कधी जमलं नाही. माझ्या बोटाला शाई लागून तेवीस वर्षं झाली, आणि ही परक्या गावात दारोदार फिरून सांगतेय, मला निवडून द्या.

फेब्रुवारीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. भांडणाच्या शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे ताई. मे महिन्यात निकाल लागेल. पडले तर घर विकून तुझ्याकडे येते. निवडून आले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मनात म्हटलं, ही कसली निवडून येतेय.

त्या दिवसापासून मी कामाला लागले. करामातल्या ओळखीच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनसाठी शब्द टाकून ठेवला. मुलीला विचारलं, तू सप्टेंबरमध्ये कॉलेजला परदेशी गेलीस की तुझी खोली मावशीला देऊ या का? तिने हेडफोन न काढताच विचारलं, "सो मावशी इज डेफिनेटली लूझिंग?" मी म्हटलं, तसं नाही गं, आपली तयारी असावी. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

आई तेव्हा व्हिजिटवर माझ्याकडे आलेली होती. तिने मतदानाच्या आदल्या दिवशी देव पाण्यात ठेवले. देव म्हणजे एकच, पितळेचा बाळकृष्ण, तोही मुंबईहून पर्समध्ये रुमालात गुंडाळून आणलेला. माझ्याकडचं स्टीलचं पातेलं घेतलं, त्यात त्याला बसवलं आणि वरून पाणी ओतलं. तेही नळाचं नाही. मे महिन्यात आमच्या नळाला चहा होईल इतकं गरम पाणी येतं. "देवाला चटका बसेल," म्हणून फ्रिजमधल्या बाटलीचं. काम होईपर्यंत देव बाहेर काढायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. तो आपला दोन दिवस नाकातोंडापर्यंत पाण्यात, ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या शेजारी.

मला हसू येत होतं आणि रागही. आई एकीसाठी देव पाण्यात ठेवून बसलीय, आणि दुसरी त्याच घरात मनातल्या मनात उलटं मागतेय. कुणाला सांगणार? नवरा आठवडाभर अबू धाबीच्या साइटवर. शुक्रवारी रात्री येतो, जेवतो, झोपतो.

तर त्या दुपारी आई जेवून आडवी झाली होती आणि मी सोफ्यावर फोन घेऊन बसले होते. बहिणीने कौन्सिलच्या पानाची लिंक पाठवून ठेवली होती. तशा तिने गेल्या महिन्यात बऱ्याच गोष्टी पाठवल्या होत्या, सात-सात मिनिटांचे व्हॉइस नोटही. ते मी मेट्रोत, एका कानाने, दुप्पट वेगाने ऐकायचे आणि मध्येच स्टेशन आलं की बंद करायचे. उरलेलं राहूनच जायचं. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा उत्साह सहन होत नाही, हे मी आता कबूल करते.

साडेचारच्या सुमाराला तिच्या वॉर्डाचा निकाल आला. नावं आणि मतं, एवढंच दिसत होतं. आठ उमेदवार. पहिलं नाव एका बाईचं, दुसरं एका बुवाचं, तिसरं माझ्या बहिणीचं. चौथ्याच्या थोडीशीच पुढे.

तिसरी. म्हणजे पडली.

माझ्या जिवात जीव आला. खोटं कशाला सांगू, अगदी तेच झालं. खांदे सैल पडले, पाय लांब केले. तिथे बसल्या बसल्या मी तिला एअरपोर्टवर आणायला गेलेसुद्धा. दोघी मिळून संध्याकाळचा चहा करतोय, ती कणीक मळतेय, मी भाजी चिरतेय, ऑफिसातल्या माणसांची नक्कल करून तिला हसवतेय. मग आठवलं की ती रडत असेल, आणि मला माझीच लाज वाटली. लाज वाटली तरी मी उठून मुलीच्या खोलीत गेले आणि तिच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे करायला घेतले.

"मावशी लॉस्ट?" मुलीने विचारलं. मी हो म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. "दॅट्स सो अनफेअर. शी वॉक्ड टू एव्हरी सिंगल हाउस." मला तिच्याकडे बघवेना.

स्वयंपाकघरात आले तर पातेलं समोरच. आता त्या बिचाऱ्याला कशाला बुडवून ठेवायचं, म्हणून मी बाळकृष्ण बाहेर काढला, पुसला आणि पाटावर ठेवला.

तेवढ्यात आई उठून आली. तिने आधी पाट बघितला आणि तिचा चेहरा असा काही उजळला! "आली ना? मला ठाऊक होतं, येणार ती."

"नाही गं आई. पडली."

"मग देव का काढलास?"

"आता काय उपयोग ठेवून?"

"देव काम झाल्यावर काढतात," आई म्हणाली. ती रागावली नव्हती, नुसती बघत होती. "कुणाचं काम झालं?"

मी बहिणीला फोन लावते म्हणून गॅलरीत गेले. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन होतं, तरी दार ओढून घेतलं.

पहिल्याच रिंगला तिने उचलला. मागे गोंगाट होता, खुर्च्या सरकवल्याचे आवाज होते. "ताई! बघितलंस?" तिचा आवाज फुटत होता.

"बघितलं गं. तिसरी."

"हो ना, तिसरी!" आणि ती रडायलाच लागली.

झालं. मला कढ आला. "रडू नकोस," मी म्हटलं. "अगं, कोण कुठली ती माणसं, त्यांना तुझी काय किंमत? सोड तो हॉल. तू ये आता. खोलीचं मी बघितलंय, कपाट रिकामं केलंय. क्लिनिकमध्ये बोलून ठेवलंय, इन्शाल्ला जूनमध्येच होऊन जाईल. घर विकायला एजंट बघ. बास झालं एकटीने राहणं." मी बोलतच सुटले. तीन महिने साठवलेलं होतं ना. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की पलीकडचं रडू थांबलंय.

"ताई," ती म्हणाली, "तू काय बोलतेयस?"

"काय म्हणजे? ठरलं होतं ना आपलं, पडलीस तर…"

"मी पडले कुठे? आमच्या वॉर्डात तीन जागा आहेत. प्रत्येकाला तीन मतं, आणि पहिले तिघे निवडून. मी आले ताई. व्हॉइस नोटमध्ये सांगितलं होतं तुला, दोनदा."

मी फोन कानापासून काढून ते पान पुन्हा उघडलं आणि बोटाने डावीकडे सरकवलं. शेवटचा रकाना पडद्याच्या बाहेर राहिला होता. पहिल्या तीन नावांपुढे लिहिलं होतं, निवडून आले. पंधरा वर्षं लोकांच्या कागदातले राहिलेले रकाने दाखवून देणारी मी! आमच्या डोक्यात निवडणूक म्हणजे एक वॉर्ड, एक नगरसेवक, एकाच्या अंगावर गुलाल आणि बाकीचे घरी.

फोन पुन्हा कानाला लावला. आता अभिनंदन म्हणायचं, एवढंच काम होतं. ते सोडून मी म्हटलं, "शेवटचा रकाना दिसलाच नव्हता गं."

"ताई, तुला बरं वाटलं होतं ना?" तिने विचारलं. "मी पडले असं वाटल्यावर. आवाजात कळत होतं."

नाही म्हणता आलं असतं. ऑफिसात दिवसभर मी अशी कितीतरी 'नाही' आणि 'हो' वाटत असते. पण उन्हात उभी होते, घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि खोटं बोलायला जे बळ लागतं तेही शिल्लक नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"का गं?"

"थकले गं मी."

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. मग सगळंच बाहेर आलं. पोर सप्टेंबरमध्ये जाणार. आईचा व्हिसा संपला की आईही जाणार. नवरा घरी असून नसल्यासारखा. सकाळी सहाला उठायचं, मेट्रो, ड्रॉइंग, शिक्के, परत मेट्रो, आणि घरात आल्यावर आपण आलोय हे कुणाला कळतसुद्धा नाही. मला तुझी काळजी होती असं मी सगळ्यांना सांगत होते. मला तूच हवी होतीस, घरात, माझ्यासाठी.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तीन वर्षं तू मलाच सांगत होतीस, एकटी पडलीस, एकटी पडलीस. तसं सरळ सांगायचं होतंस ना, ताई." तिच्या मागून कुणीतरी हाक मारली, तिच्या नावाची पार वाट लावून. "फोटोला बोलावतायत. उद्या सकाळी फोन करते. नक्की."

"जा. आणि अगं… अभिनंदन."

"मनापासून?"

"अजून नाही. संध्याकाळपर्यंत होईल."

ती हसली, नाक ओढत, लहानपणी हसायची तशी, आणि फोन ठेवला.

मी वळले तर दार अर्धं उघडं आणि आई उभी. केव्हापासून, देव जाणे. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आई, आली ती निवडून. तीन जागा होत्या. मीच चुकीचं वाचलं."

"ऐकलं मी," आई म्हणाली. तिला आनंद झालेला दिसत होता, पण ती जागची हलली नाही. मग आत गेली. मी मागोमाग गेले तर तिने ओट्यावरचं पातेलं मोरीत ओतून रिकामं केलं होतं आणि बाळकृष्णाला पुन्हा त्यात बसवत होती.

"अगं, झालं ना काम तिचं?"

"तिचं झालं. आता तुझ्यासाठी ठेवतेय."

"मला कुठे निवडणुकीला उभं राहायचंय?" मी म्हटलं.

"नको राहूस. पाणी दे."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. मी फ्रिजमधली बाटली काढली. आईने बाटलीसाठी हात पुढे केला होता, पण पाणी मीच ओतलं, देव बुडेपर्यंत.