ब्रेकमधली हवा

आमच्या पिकअपचा ब्रेक दोनदा दाबल्यावर लागायचा, आणि घरात ही गोष्ट गाडीचा स्वभाव असल्यासारखी सांगितली जायची. नवा माणूस चालवायला बसला की माझे दीर खिडकीतून डोकं आत घालून सांगायचे, "पहिल्यांदा फुस्स जातो. दुसऱ्यांदा दाब, मंग लागतो." माणूस मान हलवायचा आणि गाडी काढायचा. पहिल्यांदा का जातो, हे कुणी विचारत नव्हतं.

मी विचारत होते. नांदेडात आमचा मंडपाचा धंदा आहे. दीर गाडी चालवतात, माझे यजमान सामानाची आणि गाडीची दुरुस्ती बघतात, आणि कुठल्या कार्याला काय जायचं, कधी परत यायचं, ते मी ठरवते. त्या आठवड्यात लातूरचं लग्न होतं. लोखंडी पाइप, स्टेजच्या फळ्या, खुर्च्या, आणि त्या सगळ्यावर बसणारी आमची माणसं. अशी भरलेली गाडी उतारावर दुसऱ्यांदा ब्रेक दाबायला वेळ देत नाही, एवढं कळायला मिस्त्री असावं लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच मी सांगून टाकलं, ब्रेक नीट झाल्याशिवाय एक पाइप चढणार नाही. नेहमीच्या मिस्त्रीला फोन लावला, तर ते भाचीच्या लग्नाला धर्माबादला. "भाभी, परवा बघतो," म्हणाले. ऐन लग्नसराईत दुसरी गाडी भाड्यानंही मिळेना. म्हणजे जे करायचं ते अंगणात, आणि संध्याकाळच्या आत.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हे दोघे भाऊ दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर एका लग्नात स्टेज कुठल्या भिंतीला लावायचं. जेवायला शेजारी शेजारी बसायचे आणि मला सांगायचे, "चटणी इकडं सरकव म्हणावं त्याला." चटणी दोघांच्या मध्येच असायची. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर ते बंद झालं.

आम्ही एकेक गोष्ट तपासायला घेतली. डबीतलं ब्रेक ऑइल बरोबर होतं. यजमानांनी चारही चाकांच्या आतून हात फिरवला, कुठं ओल नाही. लायनर मागच्याच महिन्यात नवे घातलेले, मास्टर सिलिंडरचं, म्हणजे ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, किटही तेव्हाच बदललेलं. मी स्वतः केबिनमध्ये बसले, इंजिन चालू ठेवलं आणि पेडल दाबून धरलं. किट गेलं असतं तर पाय हळूहळू खाली गेला असता. तो गेला नाही. पण पायाखाली ओला स्पंज दाबल्यासारखं लागत होतं, आणि दुसऱ्यांदा दाबलं की तेच पेडल वर येऊन कडक व्हायचं. म्हणजे ब्रेकच्या नळीत हवा.

"हवा तर मागच्या महिन्यात काढली की," दीर मला म्हणाले.

"त्याला सांग, मला पण माहीत हाय," यजमान म्हणाले.

काढली होती खरी, दोघांनी घरीच. निरोप पोचवायला तेव्हा कामावरचा माणूस होता. आता मी होते.

काम तसं सोपं आहे. चाकाच्या मागं एक छोटा नट असतो, त्याला रबरी नळी लावून टोक बाटलीत सोडायचं. एकानं केबिनमध्ये पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली नट सैल करायचा. ऑइलबरोबर हवा बाहेर येते. मग नट आवळायचा, आणि त्यानंतरच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत.

यजमान मागच्या चाकाशी आडवे झाले, दीर केबिनमध्ये बसले, मी बाटली धरून मध्ये.

"दाबायला सांग."

"भावजी, दाबा."

"दाबलंय म्हणावं."

"दाबलंय म्हणतात."

"ऐकू आलं मला," चाकाखालून आवाज आला.

"मग मी कशाला सांगू?"

नळीतून बुडबुडे आले. यजमानांनी नट आवळला, पाना खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि मग माझ्याकडं बघून मान हलवली. पण पेडल नट आवळायच्या आधीच वर आलं होतं. पुन्हा तसंच, आणि पुन्हा. बुडबुडे काही संपेनात. मी केबिनपाशी गेले.

"भावजी, पाय का उचलता?"

"किती येळ धरून बसू? कुणी काय सांगून नाही राहिलं."

"नट उघडा असतानाच उचलताय."

"मला हितून नट दिसतो का वहिनी?"

नाहीच दिसणार. आणि खालच्या माणसाला "आवळला" एवढं ओरडायचं नव्हतं, कारण ते भावाशी बोलणं झालं असतं. मागच्या वेळीही हेच झालं असणार, आणि महिनाभर ही गाडी असल्या हवेवर माणसं घेऊन हिंडत होती. मी बाटली जमिनीवर ठेवली.

"मी मध्ये उभी आहे म्हणून हवा आत जातेय. तुमचं तुम्ही बघा. जमत नसेल तर मी लातूरला फोन करते, मंडप येणार नाही म्हणून."

मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडंच आहे. कणीक मळून झाली. मी फोन ओट्यावर काढून ठेवला. खरंच करणार होते.

"दाब," यजमानांचा आवाज आला.

केबिनमधून, "दाबलं."

"धर. सोडू नको."

"न्हाई सोडत."

"सोड आता."

तिसऱ्या चाकापर्यंत वाक्यं लांबली होती. "पाय हाय का लाकूड? सावकाश दाब की."

"तुझा पाना किती सावकाश चालून राहिला ते बघ आधी."

संध्याकाळी मी पुन्हा केबिनमध्ये बसले. पहिल्याच दाबाला पेडल वर थांबलं, कडक. दीरांनी वस्तीबाहेरच्या नव्या प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी दोन-चारदा थांबवून आणली. मग मी सामान चढवू दिलं. सकाळी दोघांचे निरोप पुन्हा माझ्यामार्फत, आणि गाडी गेली.

दुपारच्या आत माझा फोन वाजला. "वहिनी, पोचलो. दादाला सांगा, ब्रेक लागतो चांगला, पण माल असला की ब्रेक मारताना गाडी डावीकडं ओढती."

यजमान शेजारीच बसून फाटका पडदा शिवत होते. त्यांनी सुई थांबवली होती. मी फोन त्यांच्याच हातात दिला.

त्यांनी पडदा बाजूला ठेवला, फोन कानाला लावला. मग म्हणाले, "किती ओढती?"

"स्टेअरिंग धरून ठेवावं लागतं."

"जोरात असताना का हळू असताना पण?"

"हळू पण."

"मंग जाग्यावरून हलवू नको तिला. सामान उतरवून घे. मी येतो एस.टी.नं, पुढची चाकं परत बघू."

"ये. दहा नंबरचा पाना न्हाई हितं."

यजमानांनी दहाचा पाना आणि रबरी नळी पिशवीत टाकली. बाटली मी धुऊन, पुसून दिली. निरोप पोचवायला तू पण चल, असं ते म्हणाले नाहीत.