गाविलगडाचं उत्तरेचं दार

दिवाळीतला मातीचा किल्ला पाहायचा तर बुढापाऱ्यात चांदूरकरांच्या अंगणात, हे रायपूरच्या मराठी घरांत ठरून गेलेलं आहे. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की गंगाधर चांदूरकर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडतात, ठेलेवाल्याकडून माती आणवतात, आणि फुटक्या विटा, जुनी पोती, दगडगोटे गोळा करत सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, पालथा घालतात. सिंचन खात्यातून निवृत्त झालेला, नातवंडं खेळवायच्या वयाचा हा माणूस त्या दिवसांत जेवायलासुद्धा आत येत नाही. पत्नी मीराबाई ताट घेऊन अंगणात उभ्या राहतात आणि ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटतात.

किल्ला दरवर्षी एकच. गाविलगड. शिवरायांचे गड करणारे पुष्कळ आहेत, गंगाधरराव त्या वाटेला गेले नाहीत. त्यांचा मूळपुरुष सुभानजी हा नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत गाविलगडावर होता, उत्तरेच्या दरवाजाच्या पहाऱ्यावर. इंग्रजांनी अठराशे तीन साली गड घेतला, सुभानजी जिवंत सुटून नागपुरास आला, भोसल्यांनी त्याला छत्तीसगडच्या सुभ्यावर धाडलं आणि घराणं इकडे रुजलं. एवढा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. पण चांदूरकरांच्या घरात तो कधी मोठ्याने सांगितला गेला नाही, कारण त्याला एक शेपूट होतं. गड पडला, कारण सुभानजीने दार उघडलं.

हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते नुसतं म्हटलं जायचं. लग्नाच्या बैठकीत, मंडळाच्या हळदीकुंकवात, कोणाच्या तेराव्याच्या पंगतीत. ‘दरवाजेवाले चांदूरकर’ म्हटलं की ओळख पटायची. गंगाधररावांचे वडील यावर कधी बोलले नाहीत. त्यांनी एकच नियम केला होता: या घरातल्या कोणी त्या डोंगराकडे पाऊल टाकायचं नाही. आणि खरोखरच, सुभानजी उतरून आला त्यानंतर दोनशे वर्षांत त्या घरातलं कोणी वर गेलं नव्हतं.

न पाहिलेला गड गंगाधरराव करायचे तो मात्र जबरदस्त. छातीइतका उंच, चारी बाजूंनी ताशीव कडा, टोकावर तटबंदी आणि पार खाली, पायथ्याशी, चिखलदरा नावाचं गाव. किल्ला म्हटला की शिखरावर गड आणि तळाला गाव, हे आपल्या हातांना लहानपणापासून माहीत असतं, त्यासाठी नकाशा लागत नाही. पोरं मान वर करून बघायची. आलेला प्रत्येक जण म्हणायचा, काय हो हा गड, हा कोण जिंकणार!

आणि मग यायचे नरहर. मागच्या गल्लीत राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे गडाखालच्या अचलपूरकडचे. गंगाधररावांचे लहानपणापासूनचे मित्र, म्हणून त्यांना सगळं माफ होतं. ते किल्ल्याभोवती हात मागे बांधून एक फेरी मारायचे आणि दरवर्षी तेच विचारायचे.

“काहून रे गंगाधर, यंदा दरवाजा लावला का उघडाच ठेवला?”

सगळे हसायचे. गंगाधररावही हसायचे, कारण न हसून करणार काय? एकदाच ते चिडून म्हणाले होते, “तुले कोणं सांगितलं का त्यानंच उघडला म्हणून?” त्यावर नरहरनी किल्ल्याकडे बोट दाखवलं. “हा पाहा ना. असा गड बाहेरून कोणाले घेता येते का? थोड्याच दिवसांत पडला म्हणते. मग आतल्यानंच उघडला असन ना बाप्पा.”

याचं उत्तर गंगाधररावांनी आयुष्यभर शोधलं, सापडलं नाही. त्यांच्या किल्ल्यावर सगळीकडे मातीचे शिपाई उभे असायचे, दक्षिणेला, बुरुजांवर, वाड्यापाशी. उत्तरेच्या दरवाजात मात्र ते कधी कोणाला उभं करत नसत. तिथे एक शिपाई ठेवायला त्यांचा हात धजतच नसे. असं का, हे मीराबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

यंदा मात्र त्या बोलल्या. नवरात्रात, सगळ्यांसमोर.

“अहो, सत्तरी आली. दर साली त्याच्या पाया पडल्यावानी तो गड करता. एकदा पाहून तर या. मामंजींचा नियम मामंजींसंग गेला.”

मुलगी पूर्णिमा शंकर नगरात बँकेत आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. “पापा, दशहरे के बाद चलते हैं. मैं गाड़ी चलाऊँगी.”

दोन दिवस गंगाधररावांचा निर्णय होईना. वडिलांचा शब्द मोडायचा, आणि वर जाऊन बघायचं काय? ज्या दारातून घराण्याची अब्रू गेली ते दार? आणि जर खरोखरच उंच, अभेद्य कडा दिसला, तर नरहरचं म्हणणं कायमचं खरं ठरेल. मग यापुढे किल्ला करायला हात उठेल का? पण बायको बरोबर बोलत होती, आणि हे तिला कळू न देण्याची सवय असूनही ते ‘हव’ म्हणाले, निघायचं ठरलं.

त्यांनी तयारी केली ती एव्हरेस्टची. गुडघ्यांना पट्टे, काठी, ग्लुकोज, घामाचे दोन पंचे. नागपुरात एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतवाडा ओलांडलं आणि समोर सातपुडा उभा राहिला.

आयुष्य रायपुरात गेलेल्या माणसाला डोंगर म्हणजे काय ते सांगून कळत नाही. आमची जमीन तव्यासारखी, धानाच्या बांधावर उभं राहिलं की तीच उंची वाटते. इथे तर अख्खं क्षितिज उठून उभं होतं. गाडी घाट चढू लागली, सागवानाची पानं मोठी होत गेली, हवा गार झाली, कानांना दडे बसून ते मोकळे झाले, आणि वळणावळणाला खालचा वऱ्हाड लहान होत गेला. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या खडकाचे थर दिसत होते, एकावर एक, धरणीने तापून तापून ओतलेले. गंगाधररावांनी नोकरीत धरणांसाठी पुष्कळ खडक पाहिला होता. असा, डोंगरच्या डोंगर रचून ठेवलेला, पाहिला नव्हता. ते हात जोडून बसले होते, हे पूर्णिमाने आरशात पाहिलं.

आणि मग घाट संपला आणि वर सपाटी लागली.

डोंगराच्या माथ्यावर टोक असायला हवं होतं. तिथे मैदान होतं. त्या मैदानावर तलाव, बसस्टँड, शाळेतून सुटलेली पोरं, गुरं, भाजीची दुकानं, सगळं एक गावच वर उचलून ठेवलेलं. हेच चिखलदरा. ज्याला ते दरवर्षी पायथ्याशी मांडत आले होते.

लॉज चालवणाऱ्या चेतनाताई बोलक्या होत्या. कॉफीचे पेले पुढे ठेवून म्हणाल्या, ही इथल्याच मळ्यातली, गोऱ्या साहेबांनी लावलेली. मग त्यांनी गावाचा जन्म सांगितला. भीमाने कीचकाला मारून दरीत लोटला, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा. भीमाने हात धुतले ते कुंड तिकडे. कोरकू लोक तर त्याच्याही आधीपासूनचे, गवळी मग आले, त्यांनी मातीची गढी बांधली, तिचा पुढे गाविलगड झाला, बहामनी आले, भोसले आले, इंग्रज थंड हवा खायला आले. “आता तुम्ही आले,” त्या म्हणाल्या, आणि गंगाधररावांना उगाचच भरून आलं.

सकाळी ते पट्टे बांधून, काठी घेऊन गडाकडे निघाले. चेतनाताई रस्ता दाखवायला सोबत आल्या. सपाटीवरून रस्ता जात होता, दोन्ही बाजूंना गवत, दव. गंगाधरराव दम राखून चालत होते. बरंच चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, चढ केव्हा लागते?”

“कोणता चढ?”

“गडाचा.”

चेतनाताई थांबल्या. काठीकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं. “काका, चढ तर तुम्ही काल घाटातच चढून आले. गड इथूनच आहे, असा सरळ.”

रस्ता किंचित उतरला, अंगणातून ओट्यावर चढावं एवढा चढला, आणि समोर तट उभा होता. काळा, गवत उगवलेला, आणि त्यात दार. गंगाधररावांना घामसुद्धा आला नव्हता. ते मागे वळले. आलेली वाट पाहिली. दवात त्यांच्या चपलांचे ठसे सपाटीवरून सरळ गावापर्यंत गेले होते.

ते तिथेच दगडावर बसले.

एक वाक्य त्यांनी इतिहासाच्या पुस्तकांत शंभरदा वाचलं होतं. इंग्रजांनी डोंगराला वळसा घालून, रस्ते पाडत, मोठ्या तोफा माणसांच्या हातांनी ओढत गडाच्या उत्तरेला आणल्या. हे वाक्य वाचताना दरवेळी त्यांच्या डोळ्यांसमोर आपला मातीचा गड यायचा, आणि तोफा पायथ्याशीच राहायच्या. पण उत्तरेला पायथाच नव्हता. उत्तरेला ही सपाटी होती. एकदा तोफा डोंगरावर चढल्या की पुढे गड समोरासमोर, एका घरातून दुसऱ्या घराकडे पाहावं तसा. तोफांनी तट फोडला. फुटलेल्या तटातून माणसं आत गेली. दार उघडायची कोणाला काही गरजच नव्हती.

“पूर्णिमा,” ते म्हणाले. “इथं तो उभा होता. त्याच्या समोर तोफा होत्या. अन् आपण त्याले दोनशे साल...”

“पापा, उठो मत, बैठे रहो,” पूर्णिमा म्हणाली, आणि तीही शेजारी बसली. मीराबाईंनी त्यांच्या गुडघ्याचे पट्टे सोडले.

नंतर ते गडातून चालत पलीकडे, दक्षिणेच्या कड्यावर गेले. तिथे जमीन एकदम संपली. खाली, खूप खाली, वऱ्हाडचा मुलूख उन्हात पडला होता, शेतं, गावं, धूर, नजर पोचेपर्यंत. घारी त्यांच्या पायांच्या खाली फिरत होत्या. इथे पडलेलं पाणी पूर्णेला जातं, पूर्णेतून तापीला, आणि पश्चिमेच्या समुद्राला. आमच्या रायपूरच्या खारून नदीचं पाणी महानदीतून पूर्वेच्या समुद्राला. सुभानजी एका समुद्राचं पाणी सोडून दुसऱ्या समुद्राच्या पाण्याकडे चालत आला होता, पाठीवर हा एवढा डोंगर घेऊन.

आणि गंगाधररावांना आणखी एक गोष्ट दिसली. खाली तिथेच कुठेतरी चांदूर होतं, अचलपूर होतं. तिथून वर पाहणाऱ्याला हाच कडा दिसतो, फक्त हाच. तिथला माणूस म्हणणारच की हा गड बाहेरून पडायचा नाही. गोष्ट खालून पाहणाऱ्यांनी रचली होती. आणि ती खरी वाटावी म्हणून दर दिवाळीला चारी बाजूंनी कडे लावून गड उभा करत होते ते स्वतः, गंगाधर चांदूरकर, वंशाचे वारस, पदरची माती खर्चून!

ते हसू लागले. मग रडले. कड्यावर बसून सत्तरीचा माणूस मोकळ्या गळ्याने रडला, आणि वारा एवढा होता की फार कोणाला ऐकू गेलं नाही.

दिवाळीत त्यांनी किल्ला मांडला तेव्हा पाऱ्यातली पोरं हिरमुसली. यंदा उंच टोकच नव्हतं. अंगणभर पसरलेलं एक रुंद पठार, वर मोहरीचं हिरवं गवत, तलावाच्या जागी परात, आणि त्याच पठारावर चिखलदरा, बसस्टँडसकट. पठाराच्या एका कडेला गड. दक्षिणेकडून कडा थेट जमिनीपर्यंत तुटलेला, उत्तरेकडून गाव ते गड सरळ वाट. उत्तरेचा तट एका ठिकाणी ढासळलेला.

“ये कैसा किला है अंकल,” एक जण म्हणाला, “ये तो पिचक गया.”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नरहर आले. हात मागे बांधून फेरी मारली. दक्षिणेच्या कड्यापाशी मान डोलावली, उत्तरेला येऊन थबकले. तरी सवय ती सवय.

“काहून रे गंगाधर, यंदा दरवाजा लावला का...”

गंगाधररावांनी बोलू दिलं नाही. टोपलीतून पत्र्याची खेळण्यातली तोफ काढून त्यांच्या हातात दिली. “घे. गडाजवळ नेऊन दाखव.”

नरहर हसत हसत कड्याच्या बाजूने वाकले. तोफ वर चढेना, दोनदा घसरली. मग वळसा घालून ते गावाच्या बाजूला आले, तोफ पठारावर ठेवली आणि बोटाने ढकलली. चाकं फिरली. तोफ मोहरीच्या गवतातून सरळ गेली आणि तटाला जाऊन टेकली.

नरहरनी ती परत मागे घेतली. पुन्हा ढकलली. पुन्हा टेकली. ते उकिडवे बसले ते बसूनच राहिले. अचलपूरच्या माणसाने गावी जाता-येता तो डोंगर कायम खालूनच पाहिला होता.

“हे असंच आहे तिकडं?” त्यांनी हळू विचारलं.

“असंच.”

“मग दरवाज्याचा काय संबंध रे?”

आत मीराबाईंनी पणत्या लावायला घेतल्या होत्या, आणि एक पणती त्यांनी आणून पठारावर ठेवली. नरहरनी तटाच्या ढासळलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी शिपायांची टोपली ओढली, चाचपून चाचपून एक बरा, न तुटलेला शिपाई निवडला आणि उत्तरेच्या दरवाजात धरला. एवढ्या वर्षांत तिथे कधीच कोणी उभं नव्हतं.

“याचं तोंड कोणीकडे करू?”

गंगाधररावांनी पठारावरची पणती दरवाजाजवळ सरकवली.

“बाहेर कर,” ते म्हणाले. “तोफांकडे.”